गेट आलं की

कडुबाने पाय उचलून टेकवला आणि पडद्यावरचा माणूस पिवळी रेघ ओलांडून गेला. पुन्हा रेघ, पुन्हा पाय. गारखेड्यातल्या उपचारकेंद्रातला हा खेळच तसा होता. आपण कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी पावलं टाकायची, की पडद्यावरचा माणूस बागेतून चालू लागायचा. घरात उंबऱ्यापाशी जमिनीला खिळणारे कडुबाचे पाय इथे रेघ दिसली की मुकाट्याने उचलले जात. भिंतीलगत बसलेल्या गोजरबाईचा ऊर नवऱ्याच्या अभिमानाने भरून येत होता. पण तो चेहऱ्यावर दाखवेल तर ती गोजरबाई कसली!

बागेच्या टोकाला दगडी कमान आली आणि कडुबा थांबला. यंत्र किरकिरलं. खेळ संपला.

"परत तिथंच," व्यायाम करून घेणारी सायली म्हणाली. "काका, कमानीपाशी पाय अडकतात तुमचे. पार्किन्सनमध्ये दारापाशी होतं असं."

"मग ठरलं," लेक विशाखा म्हणाली. "चौदा तारखेला बाबांना व्हीलचेअरवर न्यायचं."

चौदा जानेवारी म्हणजे नामांतर दिन. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून कडुबाने ऐन उमेदीत पाठीवर लाठ्या झेलल्या होत्या. नाव मिळालं तेव्हापासून तो दर वर्षी छावणीतल्या घरून पायी निघे, विद्यापीठाच्या गेटला सलाम करी आणि गेटातून चालत पलीकडे जाई. खुर्चीत बसून जाण्यापेक्षा हा माणूस घरीच राहील, हे गोजरबाईला पक्कं ठाऊक होतं.

"अजून एक डाव लाव, बाई," ती सायलीला म्हणाली.

या वेळी तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली. कमान आली तशी त्याची दोन्ही पावलं नीट जुळली. उंबऱ्यापाशी टाचा उचलतात, अंग पुढे झुकतं, हात चौकट शोधतो. त्यातलं इथे काहीच नव्हतं. मांडीजवळचा थरथरता उजवा हात तेवढा सावकाश वर चालला होता. तो खांद्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच यंत्र किरकिरलं. त्याला पावलांशीच मतलब, हाताकडे ते कशाला बघतंय!

गोजरबाई खुदकन हसली. "अवं, सलाम करता व्हय?"

कडुबा ओशाळला. "गेट आलं ना. तसंच कसं जायचं?"

"काका, बागेतली कमान आहे ती!" सायलीने कपाळावर हात मारला. "मग सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलं?"

"बघ," गोजरबाई लेकीला म्हणाली. "अडकले नाय ते, थांबलेत."

तरी चौदा तारखेला विशाखाने घडीची खुर्ची सोबत घेतलीच. गेटसमोर निळे झेंडे, घोषणा, पांढऱ्या कपड्यांची दाटी. कडुबा काठीशिवाय चालत आला आणि गेटसमोर उभा राहिला. विशाखा खुर्ची उघडू लागली, तशी गोजरबाईने तिचं मनगट धरलं. कडुबाचा हात थरथरत निघाला, वाटेत दोनदा घुटमळला, पण कपाळापर्यंत गेला. मागचे लोक खोळंबले. कुणी हूं की चूं केलं नाही.

हात खाली आला. आता पाऊल पुढे पडायचं. ते पडेना. टाचा उचलल्या, अंग झुकलं, हात हवेत चौकट शोधू लागला. हे मात्र अडकणंच होतं, आणि इथे पिवळी रेघ नव्हती. गोजरबाईने त्याच्या गळ्यातल्या निळ्या उपरण्याला हात घातला.

"ते नाय," कडुबा पुटपुटला. "ते पायाखाली नाय टाकायचं."

गोजरबाईने हात मागे घेतला. मग चप्पल काढून तिने आपलं पाऊल त्याच्या पावलांपुढे आडवं ठेवलं. चुकून त्याला पाय लागला तर जन्मभर हात जोडत आलेली बाई ती.

"तुझा पाय हाय तो, गोजर."

"रेघ हाय. वलांडा."

कडुबाने पाय उचलला, हवा होता त्यापेक्षा जरा जास्तच उंच, आणि तिच्या पावलापलीकडे टेकवला. मग दुसरा. मग त्याची चाल लागली आणि तो गेटाखालून पलीकडे गेला. गोजरबाईला वाटलं, जमलेल्या साऱ्या गर्दीला ओरडून सांगावं की हा माझा नवरा आहे.

पलीकडे चार पावलांवर कडुबा पुन्हा उभा राहिला. विशाखा खुर्ची घेऊन धावली.

"आई, परत अडकले गं बाबा!"

"नाय," चप्पल पायात सरकवत गोजरबाई म्हणाली. "माझ्यासाठी थांबलेत."

आणि तिने घाई न करता, गेटाकडे मान वर करून, आपला सलाम केला.