ओट्याला विचारा

मी एक जुना ओटा आहे. काळ्या दगडाचा, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातला. मित्रांनो, घर बघायला येणारे बाहेरची खोली बघतात. माणूस कळतो तो ओट्यावर.

मला बसवलं तेव्हा गवंडी तळहात फिरवून म्हणाला होता, "आरसा आहे आरसा!" शिवणकाम करून हे घर उभं करणाऱ्या मालकीणबाई मला रोज पुसायच्या. पुढे त्यांचे गुडघे गेले, त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि घर एजंटच्या हाती आलं. कुणी माझ्यावरच भाजी चिरली, कुणी उतू गेलेलं दूध तसंच वाळू दिलं. एजंटचं मात्र प्रत्येकाबद्दल एकच, "मावशी, आपल्या घरचाच माणूस!" एवढी घरची माणसं? याचं घर आहे की धर्मशाळा?

शेवटी बाई हट्टाला पेटल्या. "आधीच्या घरमालकाला विचारल्याशिवाय किल्ली देणार नाही."

घर मागायला दोघं आले होते. सासूला घेऊन आलेली एक नर्स, आणि चकचकीत बुटांचा एक तरुण. त्यांना बाहेर थांबवून बाईंनी फोन माझ्यावर ठेवला, स्पीकर लावून.

नर्सचा घरमालक कुरकुरला, "कटकटी बाई आहे हो! नळ गळतो, भिंत ओली होते, सारखी तक्रार."

तरुणाचा घरमालक मधात घोळून बोलला, "हिरा आहे हो! आजच न्या."

"झालं की मावशी," एजंट म्हणाला. बाईंनी मान डोलावली. अहो बाई, हिरा कुणी असा वाटत सुटतो का? पण दगडाला तोंड नसतं. नर्स सासूचा हात धरून जिना उतरली.

हिरा राहायला आला आणि स्वयंपाकघराचं गॅरेज झालं. मोटारसायकलचे भाग माझ्यावर ठेवून हा हातोडी हाणतो. माझी कड उडाली, मधोमध तडा गेला. बाईंनी जा म्हटलं तर म्हणतो, "दुसरं घर मिळालं की जातो." एजंट फोन उचलत नाही. त्याचं काय जातं? तो किल्ली देऊन मोकळा, मार खातं घर.

परवा बाई लेकीला घेऊन आल्या. तड्यावरून बोट फिरवत होत्या, तोच फोन आला. कुणी घरमालक विचारत होते, "तुमचा भाडेकरू आमच्याकडे येतोय. कसा आहे हो?"

लेक कुजबुजली, "आई, चांगला म्हण. सुटशील एकदाची."

बाईंनी माझी उडालेली कड एकदा चाचपली. मग म्हणाल्या, "दादा, मी फसले तशी तुम्हाला नाही फसवणार. या, माझा ओटा बघून जा."

म्हणजे तो आता इथेच राहणार. मित्रांनो, मी थकलोय. घर द्याल तेव्हा फोनवरच्या कौतुकाला भुलू नका, तो माणूस आज राहतोय तिथे जाऊन बघा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर आपली पीडा दुसऱ्याच्या दारात ढकलू नका.

उद्या हातोडी पुन्हा माझ्यावरच पडेल. पडू दे.