'मणक्यांची माती'ला सोडचिठ्ठी

हातोड्याला बँडमधून काढलं ते त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच टेबलाशी, त्याच्याच बायकोने केलेला चहा पीत. आणि काढणारा कोण, तर बायकोचा सख्खा भाऊ.

"भाऊजी, राग मानू नका," मेहुणा म्हणाला, "पण तुम्ही हळू झालायत."

"मी नाही. तुझं ते ठेका मोजायचं टिकटिक यंत्र पुढे पळतंय. सेल बदल त्याचा."

सेल बदलला. यंत्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं.

'कवटीफोड' हा बँड बावीस वर्षांपूर्वी या दोघांनीच काढला होता. मेहुण्याची गिटार, हातोड्याचे ड्रम; हातोडा हे नाव त्यावरूनच पडलेलं. थ्रॅश मेटल हा प्रकार ज्यांच्या कानावरून कधी गेला नसेल त्यांनी एवढंच समजून घ्यावं की त्यात वेगाला माफी नाही. गाणारा घसा खरवडून ओरडतो, गिटारी लाकूड कापत सुटतात आणि ड्रमवाल्याच्या दोन्ही पायांना उसंत म्हणून मिळत नाही. तो ढिला पडला की सगळ्यांची वरात निघते. हातोडा दिवसा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. बावीस वर्षं दिवसा गुडघे टेकून मशीन आणि संध्याकाळी गुडघे उडवून ड्रम, असं चालल्यावर एक्कावन्नाव्या वर्षी उजव्या गुडघ्याने हात टेकले.

त्याच्या जागी आली ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेली चोवीस वर्षांची मुलगी. हातोड्याने तिला पाहिलंही नव्हतं, पण तिचं नाव 'दातवाली' ठेवून टाकलं होतं. "दिवसभर कवळीचे साचे काढणार ती," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "तिला ठोकाठोकी काय कळणार?" गिऱ्हाइकांना मशीनखेरीज कशातच रस नसायचा, ते मान डोलवायचे.

सहा महिने असे गेले. हातोडा मेहुण्याशी बोलत नव्हता. घरात हसत नव्हता. मनातल्या मनात मात्र तो एकाच गोष्टीच्या भरवशावर जगत होता: आपल्यावाचून कवटीफोड बुडणार. नवा अल्बम येऊ दे, मग कळेल सगळ्यांना.

आणि अल्बम आला. नाव 'मणक्यांची माती'.

थ्रॅश मेटलवाल्या मंडळींचं 'ठणठणाट' नावाचं एक मासिक होतं. दोन पिना मारलेलं, शाई हाताला लागणारं. त्यातलं 'सोडचिठ्ठी' हे सदर लोक आधी वाचायचे. बँड सोडलेल्या किंवा हाकललेल्या माणसाने त्या बँडच्या पुढच्या अल्बमचं परीक्षण लिहायचं, असा शिरस्ता होता. संपादक त्यात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही. नऊ वर्षांत एकाही सोडचिठ्ठीत बरा शब्द आलेला नव्हता. एका गायकाने जुन्या बँडच्या अल्बमबद्दल 'पुठ्ठा जाड आहे' एवढंच लिहिलं होतं, आणि तीच आतापर्यंतची सर्वात मोठी स्तुती समजली जायची.

संपादक मंगळवारी दुपारी स्वतः रेकॉर्ड घेऊन दारात उभा राहिला. कारखान्यातून आलेली नमुन्याची प्रत होती ती. मोठी रेकॉर्ड, मधली चकती पांढरी कोरी, पाकीटही पांढरं कोरं.

"गुरुवारी चारपर्यंत हवं," तो म्हणाला. "आणि हातोडे, हात राखून मारू नका."

रेकॉर्ड प्लेअर बाहेरच्या खोलीत होता, आणि त्याच्याशेजारच्या आरामखुर्चीत सासूबाई. त्या रेडिओ केंद्रातून निवृत्त होऊन मुलीकडे राहायला आल्या होत्या. एका बाजूला पोटचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला जावई, अशी त्यांची सहा महिने कोंडी झाली होती, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. कवटीफोडचं काही लागलं की त्या कानात कापूस घालायच्या. आजही त्यांनी डबीकडे हात नेला.

हातोड्याने सुई टेकवली.

पहिलं गाणं 'शवपेटीला चाकं'. एखादा लठ्ठ माणूस कपाट ओढत जिना चढतोय, तसं ते सुरू झालं. हातोडा पुढे वाकला. ड्रम वाजत होते, पण दोन ठोक्यांच्या मधे वाजवणारी घरी जाऊन येत असावी. गिटारी रेंगाळत होत्या. गाणाऱ्याचा आवाज जन्मापासून किनरा, तो आता विहिरीतून आल्यासारखा घोगरा येत होता. बिचाऱ्याला सर्दी असणार, हातोड्याने ठरवलं. किंवा लाज.

"बुडाले!" तो ओरडला आणि त्याने मांडीवर थाप मारली. नेमकी ती दुखऱ्या गुडघ्यावर बसली, पण आज गुडघाही दुखला नाही.

दुसऱ्या गाण्यापर्यंत सासूबाईंना झोप लागली. कापूस न घालता. कवटीफोडच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं, आणि कुणाही शहाण्या माणसाला तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. हातोड्याला उलट आणखी उकळ्या फुटल्या. त्याने माळ्यावरून काठ्या काढल्या, सोफ्याच्या उशा मांडल्या आणि रेकॉर्डबरोबर वाजवायला घेतलं. जमलं! एकही ठोका सुटला नाही. उलट मधे मधे त्यालाच थांबून दातवालीची वाट पाहावी लागली.

संध्याकाळी बायको कामावरून आली तर नवरा गाणं गुणगुणत भांडी घासतोय.

"आज स्वारी खुशीत?"

"तुझ्या भावाचं वाटोळं झालं गं," हातोडा म्हणाला, ते इतक्या मायेने की तिला वाटलं दोघांचा समेट झाला.

बुधवारी त्याने तीन वेळा रेकॉर्ड ऐकली आणि एका बैठकीत परीक्षण लिहून पाठवलं. त्यातला काही भाग असा होता: 'हा अल्बम ज्येष्ठ नागरिकांना जेवणानंतर ऐकण्यास योग्य आहे. आमच्या घरी तशी चाचणी झाली असून ती यशस्वी ठरली. गायकाने आता गायन सोडून गुळण्या कराव्यात. ड्रम वाजवणाऱ्या बाईंचा मूळ व्यवसाय दातांचा आहे. दात उपटताना हा संथपणा पेशंटला जड जात असेल. काही बँड माणसं बदलतात. कवटीफोडने वेगाचा राजीनामा घेतला आहे.'

संपादकाने फोन करून सांगितलं की इतकी जहरी सोडचिठ्ठी गेल्या नऊ वर्षांत आली नाही. हातोडा रात्री घोरत झोपला.

गुरुवारी सकाळी बायको कामावर गेली आणि हातोड्याने, आता गरज नसताना, निव्वळ मजा म्हणून रेकॉर्ड पुन्हा लावली. सासूबाईंनी चष्मा पुसला.

"जावईबापू, एक विचारू? ही रेकॉर्ड तुम्ही मुद्दाम तेहतीसवर लावता का?"

"म्हणजे?"

"मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर. ही पंचेचाळीसची आहे."

"काहीतरीच काय, आई. छोटी असते पंचेचाळीसची. मोठी तेहतीसचीच."

"बहुतेक असते. सगळीच नसते. एकतीस वर्षं रेडिओवर रेकॉर्डी लावल्यात मी. आणि असं बघा, ते गाणारं पोरगं सहा महिन्यांत एवढं म्हातारं होईल का?"

हातोड्याने सुई उचलली. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"मंगळवारी. पहिल्याच ओळीला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सहा महिन्यांनी हसलात," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, दोन दिवस हसू देत. शिवाय मलाही झोप छान लागत होती. तुम्ही काल ते लिहून पाठवलंत, हे मला आत्ता सकाळी लेकीकडून कळलं."

त्याने बटण फिरवलं आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

सासूबाईंनी तत्परतेने कानात कापूस घातला, कारण जे बाहेर आलं त्याने खिडकीच्या काचा थरथरल्या. लठ्ठ माणूस गेला, कपाटही गेलं. तोच किनरा आवाज, तीच करवत, आणि खाली ड्रम असे की हातोडा काठ्या घेऊन उशांपुढे बसला आणि अकराव्या सेकंदाला मागे पडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मागे पडला. मग काठ्या बाजूला ठेवून नुसता ऐकत बसला.

चौथं गाणं होतं 'उकळतं डांबर'. ते मेहुण्याने नऊ वर्षांपूर्वी बांधलं होतं आणि त्यावरून दोघांची दर वर्षी भांडणं व्हायची. मेहुणा म्हणायचा, हे याहून फास्ट हवं. हातोडा म्हणायचा, माणसाला दोनच पाय असतात. शेवटी ते गाणं बासनात गेलं होतं. आता ते मेहुण्याला हव्या त्या वेगाने धावत होतं, आणि ते त्याच वेगासाठी बांधलेलं होतं हे कुणालाही कळलं असतं. नऊ वर्षं ते हातोड्यामुळे अडून बसलं होतं.

त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दातवालीचा हेवा वाटला, मेहुण्याचा राग आला, आणि या सगळ्याच्या खालून, नको नको म्हणत असताना, त्याची मान गाण्याबरोबर हलायला लागली. कवटीफोड बुडाला नव्हता. त्याच्यावाचून तो तरला होता.

चार वाजायला अजून पाच तास होते. त्याने संपादकाला फोन करून काहीतरी थाप मारली आणि बदल करण्याची मुभा मिळवली. मग गाडीत बसून त्याने नवीन परीक्षण लिहिलं: 'वेग आहे, पण जीव नाही. कसरत म्हणजे संगीत नव्हे.' लिहायला चार मिनिटं लागली आणि झकास जमलं. कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. कुठल्याही चांगल्या ड्रमवाल्याबद्दल हे म्हणता येतं आणि खोटं आहे हे सिद्ध करता येत नाही.

दुपारच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे एक बाई तावातावाने सांगत होत्या की मशीन भिकार आहे, कपडे पिळतच नाही. हातोड्याने पाहिलं तर बटण लोकरीच्या कपड्यांवर होतं, जिथे मशीन फारसं पिळतच नाही. एरवी अशा वेळी तो ऐटीत सांगायचा, 'बाई, खोट मशीनमध्ये नाही.' आज त्याने वाक्य गिळलं, गुपचूप बटण फिरवलं आणि बाहेर पडला. गाडीत येऊन त्याने झकास जमलेला कागद फाडला.

शुक्रवारी 'ठणठणाट' छापून आलं. सोडचिठ्ठीत बुधवारचं परीक्षण जसंच्या तसं होतं. गुळण्या, दात, ज्येष्ठ नागरिक, सगळं. त्याखाली एवढंच जोडलेलं होतं:

'वरील मजकूर मी रेकॉर्ड चुकीच्या वेगावर लावून लिहिला. बावीस वर्षं या बँडमध्ये काढून मला दोन दिवस ते कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. काल सासूबाईंच्या मार्गदर्शनाखाली अल्बम योग्य वेगावर ऐकला. हा कवटीफोडचा सर्वात चांगला अल्बम आहे. ड्रमवर मी नाही.'

पुढच्या आठवड्यात हातोड्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही. सुट्या भागांच्या दुकानात त्याने पट्टा मागितला तर दुकानदार म्हणाला, "तेहतीसचा देऊ की पंचेचाळीसचा?" संपादकाने कळवलं की अंक संपला, दुसऱ्यांदा छापतोय. मेहुण्याचा फोन आला. तो पाच मिनिटं नुसता हसला आणि मग "भाऊजी, येतो रविवारी जेवायला," म्हणून त्याने फोन ठेवला.

रविवारी मेहुणा आला तो एकटा नव्हता. त्याच्यामागे केस घट्ट बांधलेली एक किरकोळ मुलगी होती, हातात वही आणि एक जुनी छोटी रेकॉर्ड. ही दातवाली. हातोड्याला वाटलं, आता आपले सगळे दात हिच्या हातात. पण ती तर बसायलाही तयार नव्हती.

"काका," ती म्हणाली, आणि ते 'काका' हातोड्याला जरा लागलं, "तुम्ही माझी थट्टा केलीत ते सोडा. दवाखान्यात डॉक्टरांनी कात्रण भिंतीवर लावलंय. मला तुम्हाला एक विचारायचं होतं. ही तुमची पहिली रेकॉर्ड. बावीस वर्षांपूर्वीची."

"हो. पंचेचाळीसची," हातोडा म्हणाला. एवढं त्याला आता पक्कं माहीत होतं.

"मी मुद्दाम तेहतीसवर लावून शिकले. तुम्ही इतके फास्ट होतात की सरळ वेगावर मला काही कळायचंच नाही. दोन वर्षं तेवढंच केलं. एकेक हात लिहून काढला." तिने वही उघडली. पानंच्या पानं बारीक खुणांनी भरली होती, उजवा हात, डावा हात, पाय. "फक्त एक जागा सुटत नाही. दुसऱ्या कडव्यानंतर एक ठोका उशिरा येतो आणि पाठोपाठ लांबून एक खाट् असा आवाज येतो. काय भन्नाट जागा आहे ती! आठ महिने बसवली मी. नव्या अल्बममध्ये तीन गाण्यांत घातलीय. पण ती उजव्या हाताची की डाव्याची, ते तेहतीसवरही कळत नाही."

हातोड्याला ती जागा आठवत होती. काठी हातातून सटकली होती आणि भिरभिरत जाऊन मेहुण्याच्या स्पीकरवर आदळली होती. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, म्हणून तशीच ठेवली. त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

मुलगी पेन्सिल धरून थांबली होती.

"डावा," हातोडा म्हणाला. "डावाच. पण मनगट अगदी सैल सोडायचं. काठी हातातून सुटली, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे."

तिने ते वहीत लिहून घेतलं.