कळंबच्या हळदीतला फिकट कॅमेरा

मला चालू करायला बटण शोधू नका, मी कधीचाच चालू आहे. होय, मी अझहरचा कॅमेराच बोलतोय. आजवर तुम्ही माझ्यासमोर उभे राहून केस सारखे केलेत, पोटं आत ओढलीत, भांडण अर्ध्यावर टाकून हसलात. आज जरा माझंही ऐका.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथले लोक मला हातमोजे घालून हाताळत. ते लाड तिथेच संपले. माझा पहिला मालक मुंबईत जाहिराती करायचा. त्याच्याकडे साबणाचा फेस आणि बिस्किटं बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग माझ्याहून नवा कॅमेरा आला आणि मी एका दिवसात म्हातारा ठरलो.

तिथून मी खोपोलीला, शिळफाट्यावरच्या अझहरच्या स्टुडिओत आलो. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. अझहर लग्नाचं शूटिंग करतो. त्याची बायको नाजनीन कॉम्प्युटरवर बसून ते कापते, जोडते, त्याला रंग चढवते. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम आहे आणि दोघं माझ्यावरून रोज भांडतात.

भांडण असं. माझ्यात रंग टिपायच्या बऱ्याच तऱ्हा आहेत. एक भडक. तिच्यात शालू लालबुंद दिसतो, झाडं हिरवीगार दिसतात, शिवाय चेहरा गोरा आणि गुळगुळीत करायची सोय आहे. ती लावली की चित्र तसंच्या तसं माझ्यातल्या मेमरी कार्डात उतरतं आणि कायमचं तसंच राहतं. दुसरी तऱ्हा फिकट. तिच्यात सगळं धुवट, राखाडी दिसतं, पण उजेडातलं आणि सावलीतलं सगळं शाबूत असतं. रंग मागाहून कॉम्प्युटरवर हवे तसे चढवता येतात.

"गिऱ्हाईक तिथंच स्क्रीनवर बघतं गं," अझहर म्हणायचा. "त्याला तिथंच रंग दिसायला पायजे."

"वरणाला फोडणी मागनं देता येते," नाजनीन म्हणायची. "दिलेली फोडणी काढून दाखवा."

"वरणाचं तू नको सांगू. काल मीठ नव्हतं."

"मग वरून घातलंत ना? जास्त झालं असतं तर काय केलं असतंत?"

अझहर मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भडक लावायचा. खरं सांगू? मलाही भडकच आवडायचं. लोक स्क्रीनमध्ये डोकावून "वा!" म्हणतात ते कुणाला नको असतं?

मग जागृतीचा साखरपुडा आला. जागृती कळंबची, कर्जतला एका पतपेढीत नोकरीला. सावळी, हसरी, हनुवटीवर जुन्या भाजल्याचा लहानसा डाग. अझहरनं माझी गोरं करायची सोय पुरती ताणली आणि मीही हात राखला नाही.

व्हिडिओ मिळाल्यावर ती स्टुडिओत आली.

"अझरभाय, साखरपुड्यात नवऱ्याशेजारी कोण बसली होती?"

"कोण म्हणजे? तूच!"

"ऑफिसातली मैत्रीण म्हणते, तुझी बहीण छान दिसते गं, पण तू कुठं होतीस?"

नाजनीननं हसू लपवायला तोंड भिंतीकडे वळवलं. जागृती मात्र हसत नव्हती. "लगीन एकदाच हाय. उद्या माझी पोरं हे बघतील, त्यांनी आईला वळखायला नको का? मी हाय तशी दिसू दे. दुसरं काय नको मला."

अझहरनं छातीवर हात ठेवून शब्द दिला. संध्याकाळी तिच्या आईचा, आवडीकाकीचा, फोन आला. "अझरभाय, पोरगी गोरी दिसली पायजे हां. साखरपुड्यापरीस वाईच जास्तच." अझहरनं तिलाही शब्द दिला. या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. समोरच्याचा चेहरा पडला की हा लोण्यासारखा वितळलाच.

हळदीच्या दिवशी सकाळी नाजनीननं मला मांडीवर घेतलं. फिकट तऱ्हा लावली, आणखीही काही खुडबुड केली आणि ओढणीनं माझी काच पुसून मला पिशवीत ठेवलं.

दुपार कलल्यावर कळंबला अंगणात पिवळ्या कापडाचा मांडव, टेंपोवर डीजे आणि पाटावर जागृती. सवाशिणी हळद लावायला लागल्या. अझहर शहाण्यासारखा फिकटच टिपत होता. तेवढ्यात एक मावशी माझ्या स्क्रीनमध्ये डोकावली.

"अगं बया! हळद कुठं गेली? पोरीला राख फासलीय का काय?"

झालं! मांडवभर बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. कुणी म्हणालं, कॅमेरा बिघडला. कुणी म्हणालं, सेल संपत आला असेल. इतका अपमान मी बिस्किटांपुढेही सोसला नव्हता. मग आवडीकाकी आली, हळदीनं माखलेली बोटं वर धरून. तिनं पाहिलं आणि तिचे डोळे भरले.

"अझरभाय, माज्या पोरीची हळद अशी दाखवतोस?"

"काकी, रंग मागनं चढवणार हाय मी."

"मागनं म्हंजे कवा? बारशाला?"

बायका हसल्या, काकी हसली नाही. अझहरनं जागृतीकडे पाहिलं. तिनं पाटावरूनच हळूच मान हलवली. नको. त्यानं काकीकडे पाहिलं आणि ज्या बटणावर तो भडक तऱ्हा ठेवायचा ते हळद लागलेल्या अंगठ्यानं दाबलं.

स्क्रीनवर हळद उजळली. चेहरे खुलले, गोरे झाले. "आत्ता कसं!" मावशी म्हणाली. जागृतीनं मात्र मान खाली घातली. मला तिचं फार वाईट वाटलं. मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगायला मला तोंड नाही.

मग आवडीकाकीनं लेकीला हळद लावली. पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना आणि शेवटी हनुवटीला. तिथे तिचा अंगठा जरा जास्त वेळ थांबला.

घरी आल्यावर अझहर जेवेना. "या लग्नाचं एडिटिंग मीच करतो," तो म्हणाला.

"तुमाला स्वतःचा चष्मा सापडत नाय," नाजनीन म्हणाली आणि तिनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. हळद पहिल्यापासून शेवटपर्यंत फिकट होती, राखाडी आणि सुखरूप.

"पण मी तर बटण दाबलं होतं!" अझहरच्या तोंडून निसटलंच.

"दाबणारच, ठाऊक होतं मला. म्हणून सकाळीच ते बदललं. आता त्यानं नुसत्या स्क्रीनला रंग येतो. कार्डात जातं ते फिकटच."

"म्हणजे तू मला फसवलंस?"

"मांडवभर बायका आणि एक नवरा. सगळ्यांना एकदमच."

अझहरचा जीव असा भांड्यात पडला की तो दोनदा जेवला. पण प्रश्न मिटला नव्हता. कॉम्प्युटरवरही माणूस गोरा करता येतो आणि काकीचा हट्ट कायम होता. नाजनीननं मग हळदीचा भाग दोन तऱ्हांनी रंगवला आणि काकीला बोलावलं. लग्न होऊन जागृती तेव्हा सासरी गेली होती.

पहिल्यांदा गोरी जागृती लावली. काकी खुलली. "कशी चांदणीवानी दिसते गं माजी बाय!" पण शेवटी तिचा स्वतःचा हात लेकीच्या हनुवटीवर गेला, तशी ती पुढे वाकली.

"थांबव. मागं घे."

नाजनीननं मागं घेतलं.

"मी अंगठा कुठं ठेवलाय?"

"हनुवटीवर, काकी."

"तिथं तर कायच नाय."

काकीच मग सांगू लागली. जागृती नुकती चालायला लागली होती, भाकऱ्या चालू होत्या आणि तापलेलं उलथनं काकीच्याच हातात होतं. तेव्हापासून वेणी घालताना, तोंड पुसताना तिचा अंगठा त्या डागावर जातो. "मी तिथं अजून फुंकर घालते," ती म्हणाली, "आणि तुमी ते पुसून टाकलं?"

गोरी दाखवा म्हणून कोण मागे लागलं होतं, हे नाजनीननं काढलं नाही. तिनं मुकाट्यानं दुसरी तऱ्हा लावली. सावळी जागृती, तिच्यावर झेंडूसारखी पिवळी हळद आणि हळदीखालून दिसणारा तो डाग.

काकीनं हात पुढे केला आणि कॉम्प्युटरच्या काचेवर, बरोबर हनुवटीवर, अंगठा टेकवला.

"ही दे. ही माजी हाय."

आता स्टुडिओत नवा कॅमेरा आलाय. मी कपाटावर असतो. बारशाला, वाढदिवसाला मला खाली काढतात. माझ्या त्या बटणाच्या खाचेत कळंबची हळद अजून आहे. एक विनंती करतो. माझ्या स्क्रीनवर तुमचं माणूस फिकट दिसलं तर ओरडू नका, ते तिथे पूर्ण आहे. आणि रंग चढवताना एवढंच बघा, की त्याच्या आईचा अंगठा चुकायला नको.

नाजनीन त्या कॉम्प्युटरच्या काचेला कुणाला बोट लावू देत नाही, डाग दिसला की लगेच पुसते. काकीच्या अंगठ्याचा ठसा मात्र तिनं बरेच दिवस तसाच ठेवला होता.