कड्यावरचं धुकं

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून बाबांचे डोळे थकले, असं सगळे म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे आणि यायला उशीर केलात. उरलीय ती नजर फार तर पावसाळ्यापर्यंत.

त्याच आठवड्यात बाबा मुलीला म्हणाले, "मला एकदा कड्यावर घेऊन चल. लग्नाआधी दर रविवारी जायचो. खालची दरी बघून घेतो."

मुलगी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. दोन डोंगर, मधून नदी, कोपऱ्यात झाड. डोळे मिटूनही काढता येतील अशी. थोरल्या भावाने फोनवर झापलं, "वेड लागलंय का तुला? पडले म्हणजे?" तरी ती त्यांना घेऊन गेली.

चढायला अडीच तास लागले. शेवटच्या टप्प्यावर बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवून एकेक दगड पायाने चाचपत होते. वर पोचले तेव्हा आभाळ लख्ख होतं. खडकावर बसून त्यांनी दरीकडे तोंड केलं.

मग म्हणाले, "धुकं पडलंय ना गं?"

ती म्हणाली, "हो बाबा. दाट आहे."

"विरेल. बसू जरा."

ते बसले. मान ताठ, हात गुडघ्यांवर, बस यायची वाट बघावी तसे. ऊन चटके देत होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दोन तास असेच गेले. मग मागून एक जोडपं आलं आणि त्यातली बाई ओरडली, "अय्या, किती स्वच्छ दिसतंय! खालची गाडीसुद्धा दिसतेय बघ!"

बाबा उठले. "चल. तहान लागलीय."

उतरताना त्यांनी पुन्हा तिच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर तिने दरी काढायला घेतली. निदान एवढं तरी त्यांच्यासाठी करावं, असं तिच्या मनात होतं. पण कागदावर येई ती पुस्तकातलीच दरी, दोन डोंगर आणि मधून नदी. चार कागद फाडल्यावर तिच्या लक्षात आलं, त्या दिवशी आपण दरीकडे पाहिलंच नव्हतं. दोन तास पाहिला होता तो एकच चेहरा.

तिने मोठा कॅनव्हास ताणला. पुस्तकांचं काम मागे पडलं, प्रकाशकाचे फोन तिने घेतले नाहीत. कपाळावरचं ऊन, घट्ट मिटलेले ओठ, कशावरच न ठरणारे डोळे, सगळं ती रंगवत गेली. शेजारच्या खोलीत बाबा रेडिओ लावून बसायचे. पाऊस सुरू झाला तोवर त्यांना दिवस-रात्र कळेनाशी झाली होती.

एक दिवस ते भिंत धरत दारात आले. "काय काढतेस एवढं?"

"तुम्हाला. धुकं विरायची वाट बघताना."

बाबा हसले, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "धुकं नव्हतं ते मला लगेच कळलं होतं. पाठ भाजत होती की माझी."

"मग दोन तास का बसलात?"

"लगेच उठलो असतो, तर मला कळलं हे तुला कळलं असतं. तुला किती लागलं असतं!"

ते आपल्या खोलीत परत गेल्यावर ती चित्रासमोर बसून रडली. मग सुरीने डोळे खरवडून काढले. तिने रंगवलेला माणूस वाट बघत होता, आणि तिथे बसलेला माणूस तिला सांभाळत होता. डोळे पुन्हा रंगवायला तिला तीन आठवडे लागले, आणि तरी ते जमले असं तिला कधी वाटलं नाही.

चित्र प्रदर्शनात लागलं. भाऊ पहिल्याच दिवशी आला आणि बराच वेळ उभा राहिला. "बाबा इतके थकलेत?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. बाबा आले नाहीत. "मी येऊन काय करू? माझ्यामुळे तुझी धावपळ होईल."

संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते.

"किती लोक थांबले चित्रापाशी?"

"खूप, बाबा."

"खरं सांग."

तिने चप्पल काढली. "चार. एक आपला दादाच."

"चार," बाबा म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि तिला बसायला जागा करून दिली.