पाच-दहाची पहिली बस

“ही रांग कशाची आहे?”

हुस्नाने हा प्रश्न ओठांतल्या ओठांत तिसऱ्यांदा घोळवला आणि तिसऱ्यांदा गिळून टाकला. कानातल्या इयरफोनमध्ये, पार सिंगापूरहून, दोघी मैत्रिणी फिदीफिदी हसल्या.

“नाही ना विचारलंस? भागूबाई!” ही पेई शान.

“वीस मिनिटं उभी आहे बया, आणि कशासाठी ते तिलाच ठाऊक नाही.” दर्शिनीच्या तोंडात रविवार सकाळचा पराठा, तिकडचा प्राटा, होता, त्यामुळे शब्द चावूनच बाहेर येत होते. “परदेशात जाऊन चार महिने झाले, पण पक्की आपल्या गावची राहिलीस हो!”

हे मात्र खरं होतं. आपल्या गावची माणसं रांग दिसली की आधी उभी राहतात, मग विचारतात. हुस्नाच्या आईने, मकने, तिला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं, एवढी माणसं मूर्ख नसतात गं, शेवटी काहीतरी चांगलंच असणार. या शिकवणीवर हुस्नाला आजवर उत्तम कोंबडीभात मिळाला होता, एक छत्री मिळाली होती, आणि एकदा पाऊण तास उभं राहिल्यावर समोर बायकांचं स्वच्छतागृह निघालं होतं. तरी श्रद्धा ढळली नव्हती. आज शनिवारी दुपारी बेकरीतलं काम आटोपून ती बंदराच्या रस्त्याने निघाली, तर गावच्या सभागृहाचं दार उघडं, आत भिंतीकडेने ही लांब रांग, आणि हवेत दालचिनीचा वास. पायांनी डोक्याला विचारलंच नाही.

आता पुढे चारच माणसं उरली होती. तिच्या लगेच पुढे पँटला हिरव्या पट्ट्यांचे गॅलस लावलेला, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात कागदाची सुरळी होती, आणि ती तो सारखी उलगडून वाचत होता.

फोन थरथरला. मकचा निरोप, आज सकाळपासूनचा पाचवा. *गोह सरांना आज ‘हो’ कळव. हॉटेलवाले उद्या दुसरी मुलगी घेतील.*

हुस्नाने फोन पालथा करून छातीशी धरला.

दहा दिवसांपूर्वी बसथांब्यावर नोटीस लागली होती. एक जुलैपासून पहाटेची पाच-दहाची बस बंद. त्यानंतरची बस थेट सात-वीसला, आणि बेकरीत साडेपाचला कणीक भट्टीकडे गेली नाही तर सहाला दुकान उघडून गिऱ्हाइकांना दाखवायचं काय? हुस्ना हे फोनवर सहज बोलून गेली आणि तिथेच चुकली. मकने दोन दिवसांत पॉलिटेक्निकमधल्या गोह सरांना गाठलं, सरांनी सिंगापुरातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात प्रशिक्षणाच्या उरलेल्या तीन महिन्यांची जागा शोधली. तिकीट बदलायचं तेवढं बाकी. मक एकदा कामाला लागली की मंत्रालयसुद्धा तिच्यापुढे हळू चालतं.

हॉटेलात काय करायचं हेही हुस्नाला माहीत होतं. मागच्या वर्षी पेई शान करून आली होती. कलिंगडाचे चौकोन कापायचे. तीन महिने.

आणि इथे, अगदी गेल्या सोमवारी, बेकरीच्या मालकीणबाई लोरेटा यांनी मागच्या दाराची किल्ली तिच्यासमोर ओट्यावर ठेवली होती. “उद्यापासून पहिली भट्टी तुझी. मी सहाच्या आधी येणार नाही. जाळलीस तर तू, फुलवलीस तर तू.” एवढंच बोलून त्या पिठाची पोती मोजायला गेल्या होत्या. हुस्नाने त्या दिवशी घरी फोनवर ही गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर मक म्हणाली असती, किल्ली हरवशील.

“विचार!” दर्शिनी गरजली. “विचारलंस तर परत आल्यावर महिनाभर बबल टी आमच्याकडून.”

“मोठा पेला,” पेई शान म्हणाली. “वर साबुदाणा.”

हुस्नाने डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली नीट केला, खाकरली आणि म्हाताऱ्याच्या खांद्यामागून म्हणाली, “अंकल, ही रांग कशाची आहे?”

म्हाताऱ्याने मागे वळून आधी तिच्याकडे आणि मग आजूबाजूला पाहिलं. “मी कुणाचा अंकल?”

“आमच्याकडे सगळेच असतात,” हुस्ना म्हणाली. “मोठे असले की.”

“बरं.” त्याने मिशीवरून बोट फिरवलं. बहुधा ते त्याला वाईट वाटलं नसावं. “माईकची रांग आहे ही.”

“कशाची?”

“माईकची. ती पहाटेची बस बंद करायची की नाही, यावर प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं. तू बोलायलाच आलीस ना?”

“मी त्या... दालचिनीच्या रोल्ससाठी उभी आहे.”

म्हाताऱ्याने सुरळीने खिडकीकडे दाखवलं. तिथे टेबलावर दोन मोठी ताटं होती, आणि येणारा-जाणारा एकेक रोल उचलत होता. रांग नव्हती, कुणी वाढायलाही नव्हतं. वर आणखी गंमत म्हणजे त्या ताटांवर तिच्याच बेकरीचा शिक्का होता. आज सकाळी पावणेसहाला हे रोल तिनेच वळले होते.

कानात अशी काही किंचाळी उठली की हुस्नाने एक इयरफोन उपटून काढला.

निघून जाणं सोपं होतं. तिचा डावा पाय रांगेबाहेर पडलाही. पण मग तिने, का कोण जाणे, आणखी एक प्रश्न विचारला. एक विचारला की दुसऱ्याला तितकंसं धैर्य लागत नाही.

“पण अंकल, नोटीस तर लागली ना? म्हणजे ठरलंच की.”

“ठरलं असतं तर मी शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला असता का?” म्हातारा म्हणाला. “नोटिशीवर खाली लिहिलंय की, आज चार वाजता या आणि बोला म्हणून. पूर्ण वाचायची असते गं पोरी.”

हुस्नाने पूर्ण वाचली नव्हती. पहिली ओळ वाचूनच ती मागे फिरली होती. आणि नोटीस लागल्यावर तिच्याशी भांडता येतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

डावा पाय पुन्हा रांगेत आला.

म्हाताऱ्याचा नंबर लागला. त्याने माईक खाली ओढला, नाव सांगितलं डेस्मंड प्रॅट, आणि सुरळी न उघडताच बोलायला लागला. “मी लवकर उठतो. रोज पाच-आठला ही बस माझ्या खिडकीसमोरून जाते. रिकामी! आतले सगळे दिवे लावून, लग्नाच्या मांडवासारखी झगमगत. आत कोण? कुण्णी नाही. गावाच्या पैशांनी आपण हवा फिरवून आणतो, दुसरं काय?”

सभागृह हसलं, बऱ्याच टाळ्या पडल्या. डेस्मंड प्रॅट समाधानाने बाजूला झाला, आणि माईकसमोर फक्त हुस्ना उरली.

“नाव आणि पत्ता,” टेबलामागच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. आपला आवाज छताला लागून परत आलेला ऐकून ती दचकली. कानात दर्शिनीचं चावणं थांबलं होतं.

“मला या अंकलची खिडकी माहीत आहे, माझ्या थांब्यावरून दिसते,” हुस्ना म्हणाली. “पिवळा दिवा असतो, आणि एक करडं मांजर. बस तिथे रिकामी असते, हे बरोबर आहे. कारण तो पहिला थांबा आहे.”

तिने माईकजवळ तोंड नेलं.

“आम्ही पुढे चढतो,” ती म्हणाली.

आता जे हसू फुटलं ते आधीपेक्षा मोठं होतं. डेस्मंड प्रॅटच्या मिशीचं एक टोकही हललं. हुस्नाला वाटलं, आपण भट्टीचं दार उघडलंय आणि आतली ऊब तोंडावर येतेय. मग ती सुटलीच. भराभर, बोटं मोजत, हात हलवत. दुसऱ्या थांब्यावर मी. चौथ्यावर पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासणारे काका, त्यांना उशीर झाला तर सातला मुलं काठावर कुडकुडत उभी राहतात. पाचव्यावर मासळीच्या कारखान्यातल्या तिघी, त्या कुणाशी बोलत नाहीत, पण खिडकीची जागा माझ्यासाठी सोडतात. सातव्या थांब्यावर तेरेसिता आंटी, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात कामाला जाते.

“तिथे एक आजी आहेत. त्या दुसऱ्या कुणाला केसांना हातच लावू देत नाहीत. तेरेसिता आंटीने विंचरल्याशिवाय न्याहारीला बसत नाहीत. सात-वीसच्या बसने ती गेली, तर त्या आजी साडेआठपर्यंत उपाशी राहतील.”

“पण ही पोरगी तर पाहुणी आहे!” मागून कुणीतरी ओरडलं. “चार दिवसांनी जाणार, हिचं काय ऐकायचं?”

हुस्नाचे कान तापले. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं, असं मक दर फोनला सांगायची. तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

“हो, मी जाणार,” ती म्हणाली. “तेरेसिता आंटी नाही जाणार.”

घंटी वाजली. दोन मिनिटं संपली होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून काहीतरी लिहून घेतलं आणि शेवटी जाहीर केलं की समिती विचार करेल, निर्णय बुधवारी. टाळ्या पडल्या, पण किती, ते हुस्नाला कळलंच नाही. ती टेबलापाशी गेली, स्वतःच वळलेला एक रोल उचलला आणि दोन घासांत संपवला. मधला भाग जरासा कच्चा होता.

“हुस्ना,” पेई शान हळूच म्हणाली. “ती तूच होतीस ना गं?”

“बबल टी विसरू नका,” हुस्ना म्हणाली, “आणि मोठा पेला,” आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

बाहेर लख्ख ऊन होतं. थांब्यावर घरी जाणारी बस दारं उघडी टाकून उभी होती, ड्रायव्हरने हात केला. हुस्नाने मानेनेच नाही म्हटलं. आधी ती बेकरीच्या मागच्या दारापर्यंत गेली, तिथे फोनवर घड्याळ लावलं आणि चालायला लागली.

“बस सोडलीस? चालतेयस कशाला?” दर्शिनीने विचारलं.

“बघतेय.”

“काय बघतेयस?”

“ठेव आता. रात्री सांगते.” मग तिला आठवलं, तिकडे आत्ता कुठे सकाळ होती. “म्हणजे तुमच्या दुपारी.”

बंदर मागे पडलं, लाकडाच्या वखारी मागे पडल्या, चढण लागली. अर्ध्या चढणीवर एक जुनी गाडी तिच्या बाजूने हळू झाली. काच खाली आली, आत हिरवे गॅलस.

“त्या बाई,” डेस्मंड प्रॅट म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. “केस विंचरून घेणाऱ्या. नाव काय त्यांचं?”

“नाव नाही सांगत तेरेसिता आंटी. तसा नियम आहे म्हणे.”

“वेणी घालते का ती त्यांची?”

“हो. एकच. डाव्या खांद्यावरून पुढे घेते. तशीच लागते म्हणे त्यांना.”

“घरीही तशीच घालायची,” तो समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला. त्याचा अंगठा स्टिअरिंगच्या कडेवरून एकदा वर गेला, एकदा खाली आला.

“गाडीत बस,” शेवटी तो म्हणाला. “घरी सोडतो. माझ्याच वाटेवर आहेस.”

“नको अंकल,” हुस्ना म्हणाली. “मी वेळ मोजतेय. मध्येच बसले तर चुकेल.”

गाडी इतकी सावकाश पुढे गेली की बराच वेळ ती दोघं जवळजवळ बरोबरच चालल्यासारखी होती.

दारात पोचल्यावर तिने घड्याळ थांबवलं. अठ्ठावन्न मिनिटं, तीही चढणीने. पायरीवर बसूनच तिने गोह सरांना निरोप लिहिला. चार ओळी लिहिल्या, तीन खोडल्या, उरलेली पाठवली. मग पाणी प्यायली, तोंड धुतलं आणि घरी फोन लावला.

पडद्यावर आधी कढई आली, मग मकचा अर्धा चेहरा. मागे तिचे वडील, अबाह, बनियनवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

“कळवलंस?” मकने विचारलं. “काल रात्रीपासून पाच निरोप टाकले मी. मुलगी आहेस की दगड?”

“मक, फोन टेबलावर ठेव ना. अबाहलापण दिसू दे मी.”

“काय झालं? पडलीस का? चेहरा लाल का झालाय?”

“चालून आले. मक, ठेव तर.”

पडदा हलला, छत दिसलं, पंखा दिसला, आणि मग दोघंही शेजारी-शेजारी दिसली. अबाहने वर्तमानपत्राची घडी केली. त्यांची ही सवय तिला ठाऊक होती. महत्त्वाचं काही असलं की ते घडी करायचे, चारदा.

“बस चालू राहिली वाटतं?” त्यांनी विचारलं.

“ते बुधवारी कळेल.”

“मग आज हॉटेलला हो म्हणून टाक,” मक म्हणाली. “बस राहिली तर राहिली. बुधवारची वाट बघत हातातलं घालवायचं नसतं, राणी. बस गेली तर पहाटे काय उडत जाणार आहेस?”

“जुलैत इथे साडेचारला उजाडायला लागतं. आणि जाताना उतार आहे.”

मकने तोंड उघडलं. अबाहने तिच्या मनगटावर हात ठेवला.

हुस्ना उभी राहिली. बसून सांगण्याजोगी गोष्ट नव्हती ती.

“मी सरांना कळवलंय,” ती म्हणाली. “हॉटेलची जागा दुसऱ्या मुलीला द्या म्हणून. बस असो, नसो, मी ऑगस्टपर्यंत इथेच काम करणार आहे.”