मुक्ताबाईंना हाक मारा

इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या एका सोसायटीचा पंप सांभाळणारे बबनराव फोनवर अत्यंत गंभीरपणे विचारत होते, "मॅडम, तुमच्या पुस्तकात लिवलंय, टाकीवर चढण्यापूर्वी मुक्ताबाईंना हाक मारून ठेवा. आमच्या बिल्डिंगीत मुक्ताबाई कोनी न्हाय. मग हाक मारू कोनाला?"

"कळवते," एवढेच म्हणून सुचेताने फोन ठेवला, तेव्हा तिचे कान तापले होते.

गच्चीवरच्या टाकीतले पाणी पाहून पंप आपोआप चालू-बंद करणारे यंत्र तिची कंपनी विकत असे, आणि त्याची माहितीपुस्तिका लिहिणे हे सुचेताचे काम. एखादा स्वल्पविराम चुकला तरी जिला जेवण गोड लागत नसे, तिने दिवाळीपूर्वीच्या घाईत तीन पाने वाल्मिककाकांच्या पुस्तिकेतून जशीच्या तशी, मुक्ताबाईंसकट, उचलली होती. जेसल पार्कात राहणाऱ्या या निवृत्त वायरमनने असेच एक यंत्र स्वतः घडवून त्याचा आराखडा आणि पुस्तिका इंटरनेटवर सर्वांना खुली ठेवली होती. अटी दोनच: लिहिणाऱ्याचे नाव द्यावे, आणि मजकुरात काही सुधारले तर ते सर्वांना परत द्यावे.

नाव सुचेताने शेवटच्या पानावर घातलेही होते. छपाईला जाताना व्यवस्थापक जितेंद्रने ते पान गाळले. "गिऱ्हाईक म्हणेल, फुकटातलं गळ्यात मारलं," असे त्याचे कारण. त्या वेळी आपण गप्प बसलो, हे सुचेता विसरली नव्हती.

आता मुक्ताबाईंची हकीकत ऐकून जितेंद्र हसला. "एक ओळ खोडायची, त्यात काय? बाईंना घरी पाठव."

"आणि स्विचची दुरुस्ती?"

खरा काटा तोच होता. काकांनी लिहिले होते, खालचा स्विच बंद करून टाकीजवळची विजेची पेटी उघडावी. पण हल्ली कित्येक सोसायट्यांत बोअरवेलच्या पंपाची निराळी लाईन त्याच पेटीत येते. एक स्विच पाडला तरी पेटीत वीज उरते. छपाईच्याच आठवड्यात कंपनीच्या फिटरला, रवीला, तिचा झटका बसला, म्हणून सुचेताने ते वाक्य बदलले होते. खुल्या पुस्तिकेत मात्र ते अजून जुनेच होते, आणि ती वाचून कोण कुठे पेटी उघडत असेल, याचा काही पत्ता नव्हता.

"दुरुस्ती परत दिली, तर आपण उचललं हे दवंडी पिटून सांगितल्यासारखंच ना?" जितेंद्र म्हणाला. "साहेब आधी तुला दार दाखवतील, मग मला. सहा वर्षं झालीत तुला इथे. घालवायची आहेत?"

संध्याकाळी ती जेसल पार्कात गेली. क्षमेची वाक्ये तिने वाटेत घोटून तयार केली होती. काकांनी तिला दुसऱ्याच वाक्याला थांबवले.

"पानं नेलीस ते बरं केलंस. न्यायलाच ठेवलीत. बदललंस काय, ते दाखव."

तिने छापील पान पुढे केले. काकांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि आत हाक दिली, "अगं, आपल्या बोअरची लाईन कधी बसली?"

"गणपतीत," मुक्ताबाई बाहेर येत म्हणाल्या. "का वो?"

"दर रविवारी तू खाली शिडी धरतीस, आन् मी वर पेटी उघडतो. एकच स्विच पाडून."

मुक्ताबाई येऊन सुचेताच्या शेजारी, अगदी लगत बसल्या. थोड्या वेळाने तिने त्यांना बबनरावांची अडचण सांगितली, तेव्हा कुठे त्या हसल्या. "मी म्हणत होते, काढा माझं नाव. तर हे म्हणले, चढताना खाली माणूस पाहिजेच, आन् माझ्याकडं तूच हायेस."

तोवर काकांनी खुल्या पुस्तिकेतले वाक्य बदलले होते. मग त्यांची बोटे थबकली. "सुधारणा कुणाची, हेबी लिहावं लागतं. आमच्यात तसा रिवाज हाय. तुझी अडचण मला कळती, पोरी. नुसतं 'एक वाचक' लिहू?"

वाट मोकळी होती, आणि काकांनी ती मायेने दाखवली होती. शेवटचे पान गळाले, तेव्हा सुचेता याच वाटेने निसटली होती.

"माझं पूर्ण नाव लिहा," ती म्हणाली. "कंपनीचंही."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच खुल्या पुस्तिकेतल्या त्या पानाची प्रत तिने स्वतः जितेंद्रच्या टेबलावर ठेवली. तो पुष्कळ वेळ वाचत राहिला. काचेपलीकडे रवी साइटवर निघण्यासाठी हत्यारांची पिशवी भरत होता. जितेंद्रने एकदा त्याच्याकडे पाहिले.

"साहेबांना मी सांगतो. पान मीच काढलं होतं," तो अखेर म्हणाला. "पण तूही चल. शेवटचं पान परत छापू म्हणतो. काकांचं नाव मात्र मोठ्या अक्षरात नको."

"बाकीच्या अक्षरांएवढंच," सुचेता म्हणाली.

साहेबांच्या खोलीत शिरण्यापूर्वी तिने बबनरावांना फोन लावला. "मुक्ताबाई जेसल पार्कात राहतात. तुम्ही खाली कोणालाही उभं करा, पण एकटे चढू नका."

"मग तसंच लिवायचं ना, मॅडम," बबनराव म्हणाले.