झुल्याची खूण

जर्मनच्या लढाईनं सर्कशीचा निम्मा बँड खाल्ला. बीडात बिंदुसरा नदीच्या काठी तंबू पडला तवा बँडमास्तर आप्पारावबी पलटणीत भरती होऊन गेलते. बारा वर्षं त्यांच्या मागं ढोल बडवणाऱ्या आश्रुबाला वाटलं, आता त्यांचं क्लारनेट आपलंच. चोरून शिकलाबी होता बिचारा. पण मालकानं चकलांब्याचा रामकिसन आणून बसवला, लग्नात सनई वाजवणारा. आश्रुबाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आन् मेला वाजवायचा तरी किती गोड! पहिल्याच खेळाला सारं बीड डोलाया लागलं. वाघाचं कुणी नाव काढंना. आश्रुबाला भाकर गोड लागंना.

झुल्यावरची शिवकन्या तेवढी तापानं पडली होती. ती डोळ्यांवर पट्टी बांधून उडी घ्यायची. समोरच्या झुल्यावरचा झेलणारा गडी जवळ आला की क्लारनेटवाल्यानं सूर तोडायचा, सारा बँड गप व्हायचा, त्या शांततेत ती हात सोडायची. ही खूण नव्या माणसाला सांग, असं आप्पारावांनी जाताना बजावलं होतं. आश्रुबानं सांगितली न्हाई. पडू दे मेला एकदा तोंडघशी, म्हणला. पोरीच्या जिवावर बेतंल, हे त्याच्या जळक्या डोक्यात आलंच न्हाई.

पाचव्या दिवशी दुपारच्या खेळाला शिवकन्या तापातून उठून वर चढली, पट्टी बांधून झुल्याला लटकली. रामकिसन रंगात आलता. समोरचा झुला आला, गेला. परत आला, परत गेला. सूर काही तुटंना. पोरीची बोटं घसरताना खालून दिसाया लागली. आश्रुबानं ढोल टाकला आन् झुला येताच रामकिसनच्या तोंडातलं क्लारनेट हिसकलं. तंबू गप झाला. शिवकन्येनं हात सोडले, समोरच्या गड्यानं तिला झेललं.

लोकांनी आश्रुबाची हुर्यो उडवली. जळतंय बेणं, म्हणले.

पडद्यामागं मालकादेखत शिवकन्येनं पट्टी सोडली.

"आश्रुबाकाका, तुमी ह्यांला खूण सांगितली न्हवती?"

आश्रुबानं नजर चोरली. रामकिसननं त्याच्याकडं पाहिलं. काय ते त्याला समजलं.

"सांगितली होती, ताई," तो म्हणला. "मीच इसरलो."

मालकानं रामकिसनला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आन् खरं सांगायला आश्रुबाचं तोंड काही उघडलं न्हाई. वाजवण्यात तर मेल्यानं मागं टाकलंच होतं, आता चांगुलपणातबी टाकलं. रामकिसनचा इतका राग त्याला कधीच आला न्हवता.